क्लाक्सविकचा विजय कोणाचा?

जुलै २०२३ मधील एका रात्री बुडापेस्टच्या मैदानावर हंगेरीचा विजेता संघ फेरेन्त्सवारोश स्वतःच्याच प्रेक्षकांदेखत तीन गोलांनी हरला. त्याला हरवणारा संघ क्लाक्सविक या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाचा होता. हे गाव फेरो बेटांवर आहे. स्कॉटलंड, नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागरात विखुरलेली ही अठरा बेटे, आणि त्यांची एकूण लोकसंख्या सुमारे चोपन्न हजार. त्या रात्री दोन गोल करणारा आर्नी फ्रेडरिक्सबेर्ग हा त्या वेळी सॅमन मासळी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करीत होता. यजमान क्लबने आपले रशियन प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव यांना लगोलग पदावरून दूर केले. दुसऱ्या दिवशी युरोपातील वृत्तपत्रांनी या घटनेला परीकथा म्हटले.

परीकथा हा शब्द प्रेमळ आहे, परंतु निरुपद्रवी नाही. परीकथेत गरिबाच्या झोपडीवर कोणीतरी कृपा करते आणि त्याचे भाग्य फळफळते. त्या भाग्यामागे कोणाचे श्रम होते, पैसा कोणाचा होता, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या झोपडीचे काय झाले, हे प्रश्न परीकथा विचारीत नाही. हे प्रश्न विचारणे हे आपल्यासारख्यांचे काम आहे. फुटबॉलविषयी विचारायला संकोच वाटत असेल, तर एवढेच ध्यानात घ्यावे की जगातील कोट्यवधी श्रमिकांची संध्याकाळ ज्या खेळात जाते, त्या खेळाच्या अर्थकारणाकडे समाजवाद्यांनी पाठ फिरवली, तर तो विषय धनिकांच्या ताब्यात आपसूक जातो. म्हणून फेरो बेटांच्या प्रथम श्रेणी साखळीचा २०२३ चा हंगाम आपण जरा सावकाश पाहू.

समुद्रातली दहा मंडळे

फेरो बेटे डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. १९४६ मध्ये तेथे स्वातंत्र्याच्या प्रश्नावर सार्वमत झाले आणि अगदी निसटत्या फरकाने कौल स्वातंत्र्याच्या बाजूने पडला. डेन्मार्कच्या राजाने तेथील विधिमंडळच विसर्जित केले, आणि अखेर १९४८ मध्ये बेटांना स्वराज्याचा कायदा मिळाला. संयुक्त राष्ट्रांत या बेटांना स्वतंत्र आसन नाही. ऑलिंपिकमध्ये तेथील खेळाडूंना डेन्मार्कच्या ध्वजाखाली उतरावे लागते. परंतु १९८८ मध्ये फिफाने आणि १९९० मध्ये युरोपीय फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, त्यांना पूर्ण सभासदत्व दिले. ज्या राष्ट्राला राष्ट्र म्हणण्यास राजकारणी कचरतात, त्याला फुटबॉलच्या मैदानावर स्वतःचा ध्वज मिळाला. तेथील माणसांना या खेळाची एवढी असोशी का, याचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

बेटांवरची साखळी स्पर्धा १९४२ मध्ये सुरू झाली. डेन्मार्क तेव्हा जर्मनांच्या टाचेखाली होता आणि बेटांवर ब्रिटिश सैन्य होते. पहिले विजेतेपद क्लाक्सविकनेच मिळवले. १९४४ मध्ये मात्र स्पर्धा झालीच नाही, आणि त्याचे कारण असे नोंदले गेले आहे की खेळायला चेंडू नव्हते. खेळाडू होते, मैदाने होती, प्रेक्षक होते. युद्धामुळे चेंडूंचाच तुटवडा पडला होता. ज्या साखळीच्या इतिहासात असे एक कोरे वर्ष आहे, तिची तुलना इंग्लंड-स्पेनच्या साखळ्यांशी करताना ही नोंद विसरून चालणार नाही.

आज या प्रथम श्रेणीत दहा संघ असतात. प्रत्येक संघ इतर नवांशी तीन तीन वेळा खेळतो, म्हणजे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येकी २७ सामने होतात. क्लाक्सविकच्या क्लबचे मूळ नाव 'क्लाक्सविकचे क्रीडामंडळ' एवढेच आहे आणि त्याची स्थापना १९०४ ची. हे आणि यांसारखे इतर क्लब आपल्याकडच्या वर्गणीवर चालणाऱ्या मंडळांच्या जातीचे आहेत. सभासद, स्वयंसेवक, तिकिटे फाडणारे निवृत्त कोळी, मुलांना शिकवणारे पालक, अशांच्या बळावर ते उभे राहिले. ज्या गावांना एकट्याच्या बळावर अकरा जण जमवणे कठीण झाले, त्यांनी शेजाऱ्याशी हातमिळवणी केली. आयदी गावाचा क्लब आणि स्ट्रेमुर हे १९९३ मध्ये एकत्र आले. एके काळी विजेतेपदे मिळवणारा गोता गावाचा क्लब आणि शेजारच्या लाइरविकचा क्लब २००८ मध्ये एक होऊन 'व्हिकिंगुर' झाले. तरुण मुले शिक्षणासाठी डेन्मार्कला जातात, त्यांतील काही परत येत नाहीत. गावाचा संघ टिकवणे हा तेथे गाव टिकवण्याचाच एक भाग आहे.

या चित्रात सारेच निर्मळ आहे असे मात्र नाही. साखळीचे नाव बाजारात विकले जाते. एके काळी तिला एका दूरध्वनी कंपनीचे नाव होते, मग पेट्रोल विकणाऱ्या कंपनीचे आले, आणि २०१८ पासून एका बँकेचे. एवढ्याशा बेटांवरही खेळाच्या कपाळावर सावकाराचा शिक्का आहे, हे नमूद केले पाहिजे.

मैदान कोणी बांधले?

१२ सप्टेंबर १९९० रोजी फेरो बेटांच्या राष्ट्रीय संघाने आपल्या पहिल्याच अधिकृत स्पर्धात्मक सामन्यात ऑस्ट्रियाला एका गोलने हरवले. गोल करणारा टॉर्किल नील्सन लाकूडविक्रीच्या धंद्यात विक्रेता होता. पराभवानंतर ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला. ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. तो सामना फेरो बेटांवर झालाच नव्हता. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी चालेल असे हिरवळीचे एकही मैदान बेटांवर नसल्यामुळे यजमानांना स्वीडनमधील लान्द्सक्रोना या गावी जाऊन आपला 'घरचा' सामना खेळावा लागला.

त्या दिवसापासून २०२३ पर्यंतची तेहतीस वर्षे हा या कथेचा खरा गाभा आहे. तोफ्तिर गावाच्या डोंगरउतारावर मैदान तयार झाले. पुढे राजधानी टोर्सहाव्नमध्ये राष्ट्रीय मैदान झाले. वाऱ्यापावसात चिखल होणाऱ्या जागांवर गावोगाव कृत्रिम हिरवळ आली. या कामांतला मोठा वाटा सार्वजनिक पैशाचा, नगरपालिकांचा आणि गावसमित्यांचा होता. एवढ्या लहान बाजारपेठेत नफा शोधणारा कोणताही भांडवलदार डोंगर फोडून मैदान बांधायला आला नसता.

रस्त्यांचीही गोष्ट अशीच आहे. क्लाक्सविक हे बोर्दॉय बेटावरचे बंदर. २००६ पर्यंत तेथून पलीकडे जायला नावेची वाट पाहावी लागे. त्या वर्षी समुद्राच्या तळाखालून सहा किलोमीटरहून लांब बोगदा खुला झाला. डिसेंबर २०२० मध्ये राजधानीकडे जाणारा अकरा किलोमीटरांचा दुसरा बोगदा सुरू झाला. दोन्ही सार्वजनिक कंपन्यांनी बांधले. हे बोगदे फुटबॉलसाठी खोदलेले नाहीत. मासळीसाठी, रुग्णांसाठी, विद्यार्थ्यांसाठी खोदले आहेत. परंतु दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला आणि आठवड्याच्या अखेरीस दुसऱ्या बेटावर सामन्याला जाणाऱ्या खेळाडूला त्यांनी जे वेळेचे दान दिले, ते कोणत्याही धनिकाच्या देणगीपेक्षा मोठे आहे. बुडापेस्टच्या विजयाचा पाया शोधायचा तर तो या दगडांत, या डांबरात आणि या सार्वजनिक निर्णयांत शोधावा लागेल.

क्लाक्सविकच्या संघात सगळे जण गावातलेच होते, असेही नाही. बुडापेस्टमधील तिसरा गोल करणारा ल्युक कासी आयव्हरी कोस्टमध्ये जन्मला आणि अनेक वर्षे नॉर्वेत खेळला; त्या वर्षीचे प्रशिक्षक मागने होसेट हे नॉर्वेचे. त्यांच्या आधी मिक्याल थोमासेन या स्थानिक प्रशिक्षकाने संघ घडवला, २०१९, २०२१ व २०२२ ची विजेतेपदे मिळवून दिली आणि मग ते नॉर्वेला गेले. दूरदेशच्या मजुराला आपल्या गावाचा मानणे ही समाजवाद्यांना शरमेची गोष्ट नाही. रक्ताच्या शुद्धतेने हा विजय मिळालेला नाही, हे उलट बरेच झाले.

दोन प्रकारचा पैसा

बुडापेस्टच्या त्या सामन्यात लहान आणि मोठे एवढाच भेद नव्हता. पैसा उभा करण्याच्या दोन रीती तेथे समोरासमोर उभ्या होत्या. हंगेरीत २०१० मध्ये व्हिक्टर ओर्बान पुन्हा सत्तेवर आले आणि २०११ पासून कंपन्यांना आपल्या कराचा काही भाग परस्पर क्रीडासंस्थांकडे वळवण्याची सवलत देण्यात आली. जो पैसा सरकारी तिजोरीतून रुग्णालयांकडे वा शाळांकडे जाऊ शकला असता, तो अशा रीतीने मैदानांकडे वळला. ओर्बान यांचे बालपण ज्या फेल्चूत गावात गेले, त्या दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या गावात २०१४ मध्ये सुमारे ३,८०० आसनांचे देखणे क्रीडागार उभे राहिले. फेरेन्त्सवारोश क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष गाबोर कुबातोव हे ओर्बान यांच्याच फिदेस पक्षाचे एक प्रमुख नेते होते.

येथे कोणी म्हणेल, फेरो बेटांतही सार्वजनिक पैसा आणि हंगेरीतही सार्वजनिक पैसा, मग भेद तो काय? भेद मोठा आहे. एका ठिकाणी गावाने स्वतःच्या मुलांसाठी मैदान बांधले आणि त्याचा हिशेब गावसमितीपुढे मांडला. दुसऱ्या ठिकाणी कोणत्या क्लबाला किती मिळावे हे कंपन्यांचे संचालक आणि सत्तेच्या जवळचे लोक ठरवू लागले. पैसा जनतेचा असणे पुरेसे नसते. त्यावर जनतेचा अंकुश असावा लागतो. सार्वजनिक क्षेत्राविषयी बोलताना आपणही हा भेद अनेकदा विसरतो.

बुडापेस्टनंतर क्लाक्सविकची गाठ स्वीडनच्या हेक्केनशी पडली. हा सामना मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण स्वीडनमध्ये क्लबवर सभासदांचे बहुमत असले पाहिजे असा नियम आहे आणि हेक्केन हा सभासदांचाच क्लब आहे. पहिला सामना गोलशून्य राहिला, दुसरा तीन-तीन असा बरोबरीत सुटला, आणि पेनल्टींवर क्लाक्सविक जिंकले. मग नॉर्वेच्या मोल्देला घरच्या मैदानावर दोन विरुद्ध एक असे हरवून परतीच्या सामन्यात वाढीव वेळेत हार पत्करावी लागली. पुढे मोल्दोव्हातील फुटीर ट्रान्सनिस्ट्रिया भागातल्या शेरीफ तिरास्पोलशी सामना झाला. त्या भागातील पेट्रोलपंपांपासून दुकानांच्या साखळीपर्यंत पसरलेल्या एका कंपनीचा हा क्लब आहे. तिचेच नाव तो मिरवतो. त्यांच्याकडूनही निसटती हार झाली. परंतु तेथवर पोचल्यामुळे कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळाला. फेरो बेटांतील कोणत्याही क्लबाला त्यापूर्वी कोणत्याही युरोपीय स्पर्धेची गटसाखळी गाठता आली नव्हती.

गटात फ्रान्सचा लील, स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा आणि स्लोव्हेनियाचा ओलिंपिया ल्युब्लियाना हे संघ होते. घरचे सामने क्लाक्सविकमध्ये न होता टोर्सहाव्नच्या राष्ट्रीय मैदानावर झाले. लीलला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि ओलिंपियाला तीन गोलांनी हरवले. इतर चारही सामने हरले आणि क्लाक्सविक गटात शेवटचे राहिले. हे सारे चालू असतानाच गावोगावचे साखळी सामनेही चालू होते, आणि मायदेशातले विजेतेपदही क्लाक्सविकनेच राखले. ते त्यांचे एकविसावे विजेतेपद. सर्वाधिक विजेतेपदांचा, चोविसांचा, मान तेव्हा टोर्सहाव्नच्या एच. बी. या क्लबाकडे होता.

थैली आणि तिची वाटणी

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिला, त्याकडे वळू. कॉन्फरन्स लीगच्या गटसाखळीत नुसते पाऊल ठेवल्याबद्दल त्या हंगामात प्रत्येक क्लबाला २९ लाख ४० हजार युरो मिळाले. प्रत्येक विजयाला ५ लाख आणि प्रत्येक बरोबरीला १ लाख ६६ हजार. क्लाक्सविकचा एक विजय आणि एक बरोबरी धरली, तर ही रक्कम ३६ लाख युरोंच्या पुढे जाते. प्राथमिक फेऱ्यांतली कमाई वेगळीच.

युरोपच्या शिखरावरून पाहिले तर ही रक्कम किरकोळ आहे. त्याच हंगामात चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत नुसत्या सहभागासाठी प्रत्येक क्लबाला १ कोटी ५६ लाख ४० हजार युरो मिळत होते, आणि त्यावर विजयांचे, पूर्वलौकिकाचे व दूरचित्रवाणीच्या बाजारपेठेचे आणखी थर चढत होते. ज्यांच्याकडे होते त्यांनाच आणखी मिळत होते. फेरो बेटांच्या किनाऱ्यावरून पाहिले, तर मात्र हीच किरकोळ रक्कम डोंगराएवढी दिसते. जेथे खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात आणि गावे एकत्र येऊन संघ उभा करतात, तेथे दहांपैकी एका क्लबाच्या हाती एका हिवाळ्यात एवढी थैली आली.

या थैलीचे काय होते, हे समजायला अर्थशास्त्राचा मोठा अभ्यास नको. जिंकणारा क्लब शेजारच्या गावाचे चांगले खेळाडू घेतो, पूर्ण वेळ सराव देतो, पुन्हा जिंकतो, पुन्हा युरोपात जातो आणि पुन्हा थैली आणतो. पूर्व युरोपातील अनेक लहान साखळ्यांचा प्राण असाच गेला आहे. एक क्लब वर्षानुवर्षे विजेता राहतो आणि बाकीचे त्याला सराव देण्यापुरते उरतात. फेरेन्त्सवारोशनेच २०१९ ते २०२३ अशी ओळीने पाच विजेतेपदे मिळवली होती. लहानाने मोठ्याला हरवले म्हणून आपण टाळ्या वाजवतो. त्याच क्षणी तो लहान आपल्या घरात मोठा होऊ लागतो, हे आपल्या ध्यानात येत नाही.

येथे प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की क्लाक्सविकची २०२१ व २०२२ ची विजेतेपदे या पैशाच्या आधीची आहेत. ती चांगल्या संघटनेने मिळाली होती. दुसरी ही की थैली आल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, २०२४ मध्ये, विजेतेपद क्लाक्सविकला मिळाले नाही. ते व्हिकिंगुरने, म्हणजे दोन गावांच्या त्या जोडक्लबाने पटकावले. मला या बातमीचा आनंद झाला. परंतु एका हंगामाच्या जोरावर निश्चिंत होणे म्हणजे एका पावसाने दुष्काळ संपला असे मानणे आहे. विषमता एका वर्षात जिंकत नाही; ती चक्रवाढीने वाढते.

यावर ठरलेला आक्षेप असा येतो: क्लाक्सविकने पैसा घामाने मिळवला, चोरून नाही. मग तो इतरांनी का वाटून घ्यावा? आळशाला कष्टाळूच्या ताटातले का द्यावे?

हा आक्षेप भांडवलशाहीइतकाच जुना आहे आणि त्याचे उत्तर फुटबॉलमध्ये इतर कोठल्याही धंद्यापेक्षा स्पष्ट दिसते. गिरणीमालक प्रतिस्पर्धी गिरणी बंद पडली तर खूष होतो. फुटबॉलचा क्लब मात्र प्रतिस्पर्ध्यावाचून एक सामनाही खेळू शकत नाही. क्लाक्सविक युरोपात गेले ते बेटांच्या साखळीचे विजेते म्हणून गेले, आणि ती साखळी दहा जणांनी मिळून चालवली. मार्चच्या वाऱ्यात त्यांच्याशी झुंजून त्यांना कसाला लावणारे नऊ संघ नसते, तर ते विजेतेपद कशाचे असते? ज्या राष्ट्रीय मैदानावर त्यांनी लीलला रोखले, ते तरी एकट्या क्लाक्सविकचे कोठे होते? जे सर्वांनी मिळून निर्माण केले, त्याचा नफा एकाने घरी न्यावा, याला आपण इतर क्षेत्रांत जे नाव देतो तेच येथेही दिले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे. युरोपातून आलेल्या रकमेचा एक ठरीव आणि मोठा हिस्सा क्लबाच्या खात्यात जाण्यापूर्वीच साखळीच्या सामायिक निधीत जावा. त्या निधीचा विनियोग दहाही क्लबांच्या प्रतिनिधींनी उघड सभेत ठरवावा. मुलांचे प्रशिक्षण, लांबच्या बेटांचा प्रवासखर्च, खेळाडूंच्या दुखापतींचा विमा आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई ही त्याची पहिली कलमे असावीत. जे खेळले त्यांचा अधिक वाटा असण्यास हरकत नाही. परंतु तो अधिक असावा, सगळा नसावा. भाग न घेणाऱ्या क्लबांसाठी युएफाही आपल्या उत्पन्नातून काही हिस्सा बाजूला ठेवते, पण शिखरावरच्या रकमांपुढे तो उष्ट्या खरकट्यासारखा दिसतो. तो वाढवण्याची मागणी लहान राष्ट्रांच्या महासंघांनी एकजुटीने केली पाहिजे. २०२१ मध्ये कॉन्फरन्स लीग सुरू झाली ती लहानांना दार उघडण्यासाठी, असे सांगण्यात आले. दार उघडले हे खरे. पण आत येणाऱ्याला एकट्याने यावे लागते.

अशा वाटणीची किंमत आहे, हेही लपवू नये. सर्वांत मजबूत क्लबाचे बळ थोडे कमी होईल आणि पुढच्या वेळी बुडापेस्टमध्ये तीन गोल कदाचित होणार नाहीत. दहा गावांत दर आठवड्याला चुरशीचा सामना हवा, की दहा वर्षांतून एकदा परदेशी वृत्तपत्रांत परीकथा छापून यावी, हे बेटांवरच्या लोकांनीच ठरवायचे आहे. मी त्यांच्या जागी असतो तर पहिले निवडले असते.

टाळ्या आणि मजुरी

या हंगामाच्या हिशेबात आणखी दोन ओळी राहिल्या आहेत. पहिली स्त्रियांची. क्लाक्सविकच्या महिला संघाने २००० पासून २०१६ पर्यंत ओळीने सतरा वेळा बेटांचे विजेतेपद मिळवले आणि वर्षानुवर्षे युरोपच्या महिला स्पर्धेत हजेरी लावली. तेच गाव, तेच मंडळ, तोच पाऊस. पण महिलांच्या स्पर्धेत गावाचे नशीब पालटेल अशी थैली नव्हती, म्हणून जगाला त्यांच्यात परीकथाही दिसली नाही. सामायिक निधीची मागणी करणाऱ्यांनी या सतरा वर्षांची थकबाकी विसरू नये.

दुसरी ओळ मजुरांची. मासळी हे फेरो बेटांच्या निर्यातीचे जवळजवळ सर्वस्व आहे आणि क्लाक्सविक हे मासळीचे बंदर. मे २०२४ मध्ये, म्हणजे बुडापेस्टच्या रात्रीनंतर दहा महिन्यांनी, बेटांवरच्या कामगार संघटनांनी वेतनवाढीसाठी मोठा संप पुकारला. क्लाक्सविकच्या पुरुष कामगारांची आणि स्त्री कामगारांची संघटनाही त्यात होती. हजारो कामगार सुमारे चार आठवडे कामावर गेले नाहीत. मासळीचे कारखाने थंडावले, इंधनाची टंचाई झाली. जूनमध्ये तडजोड होऊन संप मिटला.

मासळीच्या कंपनीत काम करणारा माणूस बुडापेस्टमध्ये गोल करतो, तेव्हा त्याच्या नोकरीचे सगळ्या जगाला कौतुक वाटते. तशाच धंद्यात राबणारी माणसे वेतन मागतात, तेव्हा ते कौतुक कोठे जाते? नोकरी करून खेळणारा खेळाडू आपल्यालाही भावतो, आणि त्यात गैर नाही. पण त्या भावुकतेत एक धोका आहे. दिवसाचे काम संपवून रात्री सराव करणे हा पराक्रम असला, तरी ती थकवा आणणारी दुहेरी मजुरीही आहे. तिचे गोडवे गाणाऱ्याने तिचा मोबदलाही मागितला पाहिजे. हौशी खेळाडूचा गौरव हा त्याला फुकट राबवण्याचा परवाना होता कामा नये.

क्लाक्सविकचा विजय कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर असे अनेक नावांचे निघते. तो गोल करणाऱ्यांचा आहे, बोगदे खोदणाऱ्यांचा आहे, गावसमितीच्या बैठकीत मैदानासाठी हात वर करणाऱ्यांचा आहे, हरलेल्या नऊ संघांचा आहे, सतरा वर्षे जिंकूनही बातमी न झालेल्या स्त्रियांचा आहे. १९४४ मध्ये त्या बेटांवर चेंडूच नव्हता, म्हणून कोणीच खेळले नाही. आता चेंडूंची वाण नाही. उणीव आहे ती एवढ्या नावांनी मिळवलेली कमाई तेवढ्याच नावांत वाटण्याच्या रीतीची; आणि ती रीत बेटांवरची दहा मंडळे एका सभेत ठरवू शकतात.